पत्र्याखालची दुपार

मार्च संपत आला की मोबाईलवर तो मेसेज यायला लागतो. दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या, सैल सुती कपडे घाला. मेसेज चांगला आहे, असल्या साध्या सूचनांनी खरंच जीव वाचतात आणि त्या पाठवायलाच हव्यात. पण सोलापुरात हा मेसेज ज्या बायकांच्या मोबाईलवर येतो त्यातल्या हजारो जणी बारा ते चार घरातच असतात, वर्षभर असतात, कारण त्या घरात बसून विड्या वळतात. शहरातल्या विडी कामगार बायकांचा आकडा साठ हजारांच्या वर सांगतात. म्हणजे घरात बसा ही सूचना त्या आधीपासूनच पाळतायत, आणि ऊन लागून आजारी पडतायत त्यापण घरातच.

बचत गटाच्या हिशोबाच्या निमित्ताने माझं सोलापूरच्या पूर्व भागात आणि शहराजवळच्या कुंभारीच्या बाजूला जाणंयेणं असतं. त्यातली एक खोली सांगते. दहा बाय दहाची असेल, वर पत्रा, हात वर केला की पत्र्याची धग तळहाताला लागते. एका कोपऱ्यात गॅस, दुसऱ्या कोपऱ्यात कपाट आणि त्यावर अंथरुणांची चळत, मधे चटईवर अक्का बसलेली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, पत्र्याचा साचा, कात्री, दोरा. एप्रिलची दुपार, लाईट आहे आणि तरी डोक्यावरचा पंखा बंद. कारण विचारलं तर अक्काने हात न थांबवता सांगितलं. पंखा लावला की तंबाखू उडते, डोळ्यात जाते, आणि ती कारखान्यातून मोजून मिळालेली असते, कमी पडली तर आपल्याच अंगावर येते. वर पान वाळतं. वाळलेलं पान वळताना तडकतं, तडकलेल्या पानाची विडी छाटात, म्हणजे नापास मालात जाते, आणि छाटात गेलेल्या विड्या पुन्हा वळून हजार भरून द्यावे लागतात. म्हणून ती मधून मधून फडक्यावर पाणी शिंपडत राहते, पान थंड राहिलं पाहिजे. स्वतःच्या मानेवर एक ओंजळ मारावी असं तिला सुचत नाही असं नाही, पण पाणी मोजकं असतं आणि हात ओले झाले की दोरा निसटतो.

हे सगळं तीन-साडेतीन तास बघितलं की कळतं की ऊन हा तिच्यासाठी सरळ सरळ मजुरीचा प्रश्न आहे. मजुरी हजार विड्यांमागे. थंडीत जेवढा माल होतो तेवढा मे महिन्यात होत नाही, डोकं ठणकतं, बोटं मंदावतात, दुपारी तासभर आडवं व्हावंच लागतं. पण कारखान्याच्या वहीत उन्हाळा कुठेच लिहिलेला नसतो, वहीत एवढंच दिसतं की या आठवड्यात हिचा माल कमी आला.

कायद्याने ती कामगार आहे, हे मुद्दाम सांगायला पाहिजे कारण घरी बसून करते म्हणजे फावल्या वेळातलं काम असं समजणारे खूप आहेत. विडी आणि सिगार कामगारांचा कायदा १९६६ चा, त्यात घरी बसून वळणारीचा पण हिशोब धरला होता, २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. १९७६ ला विड्यांवर उपकर लावून कल्याण निधी उभा राहिला, त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरकुलाला मदत असं बरंच काही झालं. २०१७ ला जीएसटी आला आणि त्यात तो उपकर गेला, म्हणजे त्या कामांसाठी राखून ठेवलेला पैशाचा वेगळा झराच गेला. नेमका ऊन वाढत चाललं असताना. याचा आणि हवामानाचा संबंध कुणी लावत नाही, मला तो लावावासा वाटतो, कारण उन्हाशी दोन हात करायला आधी हातात काहीतरी असावं लागतं.

अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, देशातला पहिला. त्याच्या मागे २०१० च्या मे महिन्यातली लाट होती, त्या एका महिन्यात तिथे नेहमीपेक्षा तेराशेच्या वर जास्त माणसं गेली. त्यानंतर बऱ्याच शहरांनी तसे आराखडे केले आणि ते कामाचेच आहेत. पण अशा सूचना वाचताना डोळ्यासमोर जो कामगार येतो तो बांधकामावर असतो, रस्त्यावर असतो, शेतात असतो, त्याला सावलीत आणायचं असतं. जी आधीच छपराखाली आहे आणि ते छप्परच तापलंय तिचं काय करायचं याचं उत्तर छपरातच शोधावं लागतं. पत्र्याला पांढरा रंग किंवा चुना मारला तर आत फरक पडतो, हे आता कितीतरी वस्त्यांमध्ये करून बघितलंय. आमच्याकडे पण दोघी-तिघींनी केलंय, एकीने जुने पोते पत्र्यावर टाकून त्यावर पाणी मारायचं ठरवलं होतं पण मग पाणी कुठून आणायचं. आणि जी भाड्याने राहते ती दुसऱ्याच्या छपरावर खर्च कशाला करेल, मालकाला विचारलं तर तो म्हणतो करा की तुमच्या पैशाने, आणि पुढच्या वर्षी भाडं वाढवतो.

म्हणून घराचा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली, २००६ मध्ये तिचं लोकार्पण झालं. पुढे तिथेच रे नगर, तीस हजार घरांचा प्रकल्प, त्यातली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. त्यामागे कामगार संघटनांची किती वर्षांची मोर्चे-आंदोलनं आहेत हे सोलापूरकरांना माहिती आहे. पक्की भिंत, स्वतःचा संडास, दार लावून आत बसता येतं, रात्री उठून बाहेर जायची भीती नाही. हवामान बदलावरच्या मोठमोठ्या चर्चांमध्ये याला काय म्हणतात मला त्याच्याशी देणंघेणं नाही, पण उन्हाळ्यात बाईच्या तब्येतीवर याच्याएवढा फरक दुसऱ्या कशाने पडताना मी पाहिला नाही. कारण बायका पाणी कमी पितात. तहान लागली तरी कमी पितात, कारण दिवसा जायला जागा नसते. भरपूर पाणी प्या हे वाक्य संडासाशिवाय अर्धंच आहे. मग लघवीची जळजळ, मुतखडा, चक्कर, आणि दवाखान्यात पित्ताची गोळी घेऊन परत.

आणि पाणी. सोलापूरचं पाणी उजनी धरणातून येतं, शंभर किलोमीटरच्या वर अंतर. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी, त्यातलं ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, पाणी त्या तळाच्या साठ्याच्या खाली उतरलं की आकडा मायनसमध्ये लिहितात, आणि धरण मायनसमध्ये गेलं ही बातमी आम्ही क्रिकेटच्या स्कोअरसारखी रोज बघतो. २०२४ च्या उन्हाळ्यात ते मायनस साठ टक्क्यांच्या जवळ गेलं होतं. त्याच धरणाच्या जिवावर जिल्ह्यात ऊस उभा आहे, तीसच्या वर साखर कारखाने आहेत, आणि शहराला पाणी चार-पाच दिवसाआड. २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आपलं नाव आलं तेव्हापासून समांतर जलवाहिनीचं ऐकतोय. पाणी लांबून आणायचं म्हणजे मोठे पाईप, मोठे पंप, मोठी टेंडरं, आणि ते लागतंच, त्याला पर्याय नाही. पण पाईप जिथे संपतो तिथून पुढचं काम कोण करतं ते बघा. पाणी येतं रात्री अकराला, दोनला, कधी पहाटे चारला, कधी येतच नाही. त्या रात्री घरातली एक बाई झोपत नाही. नळाला कान लावून बसायचं, आलं की मोटार लावायची, शेजारणीने आधी लावली तर आपल्याकडे धार येत नाही, मग घागरी, बॅरल, कळशी, पातेली, बाळाची बादली सुद्धा भरून घ्यायची, त्यात लाईट गेली तर खाली खड्ड्यात उतरून तांब्याने. आणि सकाळी सातला उठून विड्या, कारण माल द्यायची वेळ ठरलेली असते, पाण्यासारखी पुढेमागे होत नाही. माझ्या ओळखीत एक पोरगी आहे, बारावीची परीक्षा होती तिची, आई दवाखान्यात, तर पाण्याच्या रात्री तीच जागायची. भाऊ मोठा होता घरात. त्याला उठवायचं कुणाच्या मनात पण आलं नाही, तिच्या पण नाही, आणि मला याचा फार त्रास होतो, अजून होतो.

शहराची टंचाई टँकर, पाईप, एमएलडी म्हणजे रोजचे दशलक्ष लिटर यात मोजली जाते. ती टंचाई रोजच्या रोज निभावून नेण्यात जी झोप जाते ती कुठल्याच अहवालात नाही. हेच मला या लेखात सांगायचंय खरं तर, की हवामान बदलतंय आणि आपण त्याच्याशी जुळवून घेतोय असं जेव्हा म्हणतो तेव्हा जुळवून घेणारं माणूस बहुतेक वेळा ठरलेलं असतं, आणि ते फुकटात घेतंय असं समजून सगळे हिशोब केलेले असतात.

खेड्यात गेलात तर तेच वेगळ्या रूपात. पाऊस लांबला की आधी नवरा पुण्याला जातो, वॉचमन, बांधकाम, टेम्पो, काहीही. बाई मागे राहते, सासू-सासरे, जनावरं आणि शेत घेऊन. पेरणी ती करते, ज्वारी काढायला ती, कडबा रचायला ती, पण सातबारावर नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेतजमिनीच्या खातेदारांत बायका चौदा टक्क्यांच्या आसपास होत्या. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला महापूर आला, माढा, करमाळा, मोहोळकडची गावं पाण्यात गेली, ज्या जिल्ह्याला आपण कायम दुष्काळी म्हणतो तिथे माणसं पुरातून काढावी लागली. नंतर पंचनामे झाले. पंचनामा सातबारा बघून होतो, पैसे खातेदाराच्या बँकेत येतात, खातेदार पुण्यात. शेतात गाळ उपसणारी बाई तलाठ्याला काय सांगणार, यांना फोन लावते म्हणून सांगते. आणि वाहून गेलेली चूल, कणगीतलं धान्य, शेळ्या, शिलाई मशीन, हे तिचं नुकसान. शेळी-मशीन एखादवेळी पंचनाम्यात येते, पण शेळीच्या दुधाचे रोजचे साठ-सत्तर रुपये तिच्या हातात असायचे आणि त्यावर घरातलं तेल-मीठ चालायचं हे कुठे लिहिणार.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२४ मध्ये चोवीस गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या ग्रामीण घरांची आकडेवारी मांडली, त्यात निघालं की उष्णतेमुळे बाई कुटुंबप्रमुख असलेल्या घरांचं उत्पन्न पुरुष कुटुंबप्रमुख असलेल्या घरांपेक्षा आठ टक्के जास्त घटतं. ऊन दोन्हीकडे सारखंच पडतं. फरक पडतो तो जमीन, कर्ज, पाणी, अवजारं आणि मोकळा वेळ कुणाकडे आहे त्याने.

ऊसतोडीचं तर बोलायलाच नको, पण बोललं पाहिजे, कारण आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या फडात बीडकडची माणसं येतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारे आगाऊ पैसे, नवऱ्याच्या हातात पडते, फेडतात दोघं. दुष्काळ जितका वाईट तितकी उचलीची गरज जास्त, आणि उचल जास्त तितका खाडा परवडत नाही. पाळीच्या दिवसात खाडा झाला की पैसे कापले जातात. २०१९ मध्ये बीडमध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा सरकारने समिती नेमली, ब्याऐंशी हजारांच्या वर बायकांची पाहणी झाली, त्यात तेरा हजारांच्या वर जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यामागे कारणं अनेक आहेत, कमी वयात लग्न, फडावर न पाणी न संडास, सततचे आजार, घाबरवणारे डॉक्टर. पण सुरुवात कोरड्या जमिनीपासून होते. पाऊस नाही म्हणून स्थलांतर केलं, घर तगलं, असं आपण म्हणतो. ते तगलं ते तिच्या शरीरावर.

हे वाचून असं वाटू शकतं की काहीच होत नाही. तसं नाहीये. बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी आमच्या घरात आजी सांगायची, खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलो खाल्ला, लेकरू झाडाखाली झोळीत. त्या दुष्काळातून रोजगार हमी मोठी झाली, १९७७ ला कायदा झाला, बाई-पुरुषाला सारखी मजुरी, कामावर लहान मुलांना सांभाळायची सोय. अंमलबजावणीत हजार खोट असतील, तरी ज्या काळात शेतात बाईला पुरुषाच्या निम्मं मिळायचं त्या काळात सरकारी कामावर सारखं मिळणं ही लहान गोष्ट नव्हती. आजी रोजाच्या पैशाचं सांगताना आवाज बदलायची, ते पैसे तिने स्वतः मोजून घेतले होते.

बांगलादेशचं उदाहरण तर मला कायम आठवतं. १९९१ च्या चक्रीवादळात तिथे एक लाख चाळीस हजारांच्या आसपास माणसं गेली आणि मेलेल्यांत बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. इशारा बाजारात, चहाच्या टपरीवर पोचला, घरात उशिरा. नवरा आल्याशिवाय घर सोडायचं नाही, लेकरं कडेवर, अंगावर साडी, आणि निवाऱ्यात परक्या पुरुषांच्या गर्दीत कसं राहायचं. नंतर त्यांनी निवारे वाढवले, त्यात बायकांसाठी वेगळी जागा ठेवली, इशारा द्यायला घरोघर जाणाऱ्या स्वयंसेवकांत बायका घेतल्या. आता तिथे तेवढी माणसं मरत नाहीत. निवाऱ्यात एक वेगळी खोली आणि दारात येऊन सांगणारी एक बाई, याने किती फरक पडतो बघा.

आपल्या शेजारी धाराशिवकडे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या बायकांनी एक एकराचं शेत करून दाखवलं. किल्लारीच्या भूकंपानंतर तिकडे हे काम उभं राहिलं. बाई नवऱ्याकडून एक एकर, कधी अर्धाच एकर मागून घेते, त्यात सोयाबीन-ऊस नाही, ज्वारी-बाजरी, तूर, उडीद, पालेभाज्या, वांगी, मिरच्या, वीसच्या वर पिकं, कमी पाण्यात, घरचं बी, घरचं खत. एक बुडालं तर दुसरं हाताला लागतं आणि आधी घर खातं, उरलं तर बाजार. २०१७ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला यात सगळ्यात अवघड काम शेतीचं वाटत नाही, ते एकर मागायचं वाटतं. एक बाई मला म्हणाली होती की पंधरा दिवस घरात अबोला होता. मग सासऱ्याने बांधाकडचा खडकाळ तुकडा दाखवला, हा घे म्हणाले. तिने घेतला.

असंघटित कामगार बायकांच्या सेवा या संघटनेने गुजरातपासून सुरू करून उष्णतेचा विमा आणलाय, तापमान ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं की नुकसान सिद्ध न करता बाईच्या खात्यात पैसे. २०२४ च्या उन्हाळ्यात पन्नास हजार बायकांना चारशे-चारशे रुपये तर मिळालेच, बहुतेकींना वर विम्याचे पण मिळाले. चारशे रुपये म्हणजे काय, दोन दिवसांचा किराणा. पण अक्काला हे सांगितलं तेव्हा ती हातातलं काम थांबवून बघत राहिली. उन्हाने काम गेलं म्हणून कुणी पैसे देतं हे तिला नवीन होतं. पंधरा वर्षांची होती तेव्हापासून वळतेय ती.

आता गटातल्या बायकांनी निवेदन द्यायचं ठरवलंय, एक महापालिकेला आणि एक जिथे त्या माल देतात तिथल्या ऑफिसला. लिहायचं काम माझ्याकडे आलंय. पाणी रात्री येऊ दे नाहीतर पहाटे, पण वेळ आधी कळवा, एका गल्लीला एक मेसेज. पत्र्याला मारायचा पांढरा रंग वस्तीला मिळावा, भाडेकरूंना पण. मे महिन्यात माल देण्याची वेळ सकाळी लवकर ठेवा आणि रांगेवर सावली करा, पिण्याचं पाणी ठेवा. उन्हाळ्यातले दोन महिने छाट धरताना वाळलेल्या पानाचा विचार करा. मी कच्चं लिहून वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यात जास्त वाद झाला तो क्रमावर. तरुण पोरी म्हणत होत्या छाटाचं पहिलं लिहा, पैशाचं आहे. अक्का म्हणाली, माल द्यायला जातो तिथे बायकांना संडास नाही, ते तू लिहिलंच नाहीस, ते एक नंबरला घे. बाकीच्या गप्प झाल्या आणि मग एकेक करून सगळ्याच बोलायला लागल्या, सकाळपासून पाणी न पिता निघतो, रांगेत दोन दोन तास, गेल्या उन्हाळ्यात कोण कुठे चक्कर येऊन पडलं. तेच एक नंबरला घेतलंय. छाट दोन नंबरला.